दुबेळक्या पानांचा दवबिंदू : वाणांच्या तुलनेचा एक धडा

खरिपाच्या तोंडावर प्रत्येक शेतकऱ्यापुढे एक प्रश्न दरवर्षी उभा राहतो. घरचे जुने बियाणे पेरावे, की शेजारच्या शिवारात जोमदार दिसलेले नवे वाण आणावे? या एका निर्णयात कुटुंबाचे वर्षभराचे अन्न आणि पैसा गुंतलेला असतो. तरीही तो घेताना आपण बहुधा डोळ्यांवरच भिस्त ठेवतो. पीक चांगले दिसले, म्हणजे बियाणे चांगले, असे अनुमान आपण सहज काढतो. हे अनुमान कधी बरोबर ठरते, कधी साफ चुकते; आणि चुकले की त्याची किंमत सल्ला देणाऱ्यास नव्हे, पेरणाऱ्यास मोजावी लागते.

प्रस्तुत लेखकाकडून नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत अशी एक चूक घडली. सह्याद्रीच्या उतारावरील एका गावी भाताच्या दोन वाणांचे प्रात्यक्षिक घेतले होते. नवे निमगरवे वाण खालच्या खाचरात लावले आणि गावातील जुने हळवे वाण वरच्या खाचरात. तसे करण्यामागे काही योजना नव्हती. ज्या दिवशी जे खाचर चिखलणीस तयार होते, त्यात त्या दिवशीची रोपे लावली गेली. कापणीच्या वेळी नवे वाण उघडउघड सरस ठरले. गावकरी जमले, पेंढ्या हातात घेऊन पाहिल्या, आणि पुढील वर्षी हेच वाण सर्वत्र लावावे असा सल्ला मी मोकळेपणाने दिला. पुढील वर्षी पाऊस लवकर उघडला. वरच्या खाचरांतील ओल सरली, नवे वाण निसवण्याच्या वेळी पाण्यावाचून अडले आणि पळिंजाचे प्रमाण फार झाले. ज्यांनी जुने हळवे भात ठेवले होते, त्यांचे दाणे घरात आले. बांधावर उभे असताना एका वयस्क शेतकऱ्याने शांतपणे विचारले, “सायेब, गेल्या साली जितलं कोन? बियानं, का खाचर?”

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. खालच्या खाचरात वरून वाहून आलेला गाळ होता, ओल अधिक काळ टिकत होती. तेथे जुने वाणही कदाचित तितकेच आले असते. दोन्ही वाणे एकाच खाचरात शेजारी शेजारी लावली नसल्यामुळे ते सांगण्याचा काही मार्गच उरला नव्हता.

हाच प्रश्न काही वर्षांनी मला एका निराळ्या जागी, घराच्या व्हरांड्यातील कुंड्यांपाशी, पुन्हा भेटला. त्या कुंड्यांत कोणतेही पीक नव्हते. त्यांत दुबेळक्या पानांच्या दवबिंदूची काही रोपे होती. या वनस्पतीचे निरनिराळे प्रकार वाढविताना आणि त्यांची तुलना करताना जे शिकावयास मिळाले, ते शेतातील वाणांनाही तंतोतंत लागू पडते. म्हणून तिची माहिती येथे देत आहे.

वनस्पतीची ओळख

दवबिंदू हे कुल आपल्याला अगदीच परके नाही. पावसाळ्यात साताऱ्याजवळील कास पठारावर किंवा कोकणातील जांभ्या दगडाच्या सड्यांवर बारकाईने पाहिल्यास जमिनीलगत तांबूस, चकाकणारी लहान रोपे दिसतात. त्यांच्या पानांवर असंख्य तंतू असतात आणि प्रत्येक तंतूच्या टोकास असलेल्या ग्रंथीवर चिकट द्रवाचा थेंब असतो. हा थेंब उन्हातही दवासारखा चमकत राहतो. त्यावरूनच हे नाव पडले. लहान कीटक त्यावर बसला की चिकटतो. आजूबाजूचे तंतू त्याच्याकडे वळतात, ग्रंथींतून पाचक रस स्रवतो, आणि कीटकाच्या शरीरातील नत्र व स्फुरद पानावाटे शोषला जातो. अन्न तयार करण्याचे काम हिरव्या पानांत सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने इतर वनस्पतींप्रमाणेच चालते. कीटक हे तिचे अन्न नसून खत आहे, असे म्हटले तर शेतकऱ्यास ते चटकन समजेल. ज्या जमिनीत नत्र व स्फुरद अत्यल्प आहेत, तेथे ही वनस्पती आपले खत हवेतून मिळविते.

आपल्याकडील गवती दवबिंदू वर्षायू आहे. पाऊस संपून सडा तापू लागला की तो बी टाकून वाळून जातो. ज्या जातीविषयी हा लेख आहे, ती मात्र बहुवर्षायू असून ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या देशांची आहे. तिचे शास्त्रीय नाव ड्रॉसेरा बायनाटा. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लाबियार्दिएर या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने तिचे वर्णन प्रसिद्ध केले. क्वीन्सलंडच्या किनाऱ्यापासून न्यू साउथ वेल्स, व्हिक्टोरिया व टास्मानियापर्यंत, तसेच न्यूझीलंडच्या दलदलींत, ओलसर, आम्लधर्मी, वाळूमिश्रित जमिनीत ती वाढते. लांब, सरळ देठाच्या शेंड्याला पान गलोलीच्या बेचकीसारखे दुभंगते, म्हणून आपण तिला दुबेळक्या पानांचा दवबिंदू म्हणू. तिची मुळे जाड, काळसर व मांसल असतात. वरचा भाग आगीत जळाला किंवा थंडीत मेला, तरी मुळांपासून ती पुन्हा फुटते.

चार्ल्स डार्विन यांनी १८७५ साली कीटकभक्षक वनस्पतींवरील आपल्या ग्रंथात या जातीचे वर्णन केले आहे. त्यांना लेडी डोरोथी नेव्हिल यांच्याकडून एक रोप मिळाले होते. त्याच्या पानाचा देठ २० इंच लांब होता आणि देठासह पूर्ण पानाची लांबी २७ इंचांहून अधिक भरली. आपल्या सड्यावरील बोटभर दवबिंदू ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या आकाराचे नवल वाटेल.

तिचे प्रकार

ही सर्व एकच जात आहे असे शास्त्रज्ञ मानतात. तथापि तिच्यात इतकी विविधता आहे, की ती वाढविणारे लोक तिचे अनेक प्रकार वेगळे ओळखतात. मुख्य प्रकार पुढीलप्रमाणे आहेत.

पहिला प्रकार एकाच दुभंगाचा. देठाच्या टोकास पान एकदाच फाटते व दोन टोके होतात. इंग्रजी टी अक्षरासारखा आकार दिसतो, म्हणून त्यास टी-प्रकार म्हणतात. हा मुख्यतः दक्षिणेकडील थंड प्रदेशांत, टास्मानिया व न्यूझीलंड येथे आढळतो. हिवाळ्यात याची पाने मरतात आणि वसंतात मुळांपासून नवे कोंब येतात.

दुसरा प्रकार डायकोटोमा या नावाने ओळखला जातो. यात प्रत्येक शाखा पुन्हा दुभंगते व साधारणपणे चार, कधी त्याहून अधिक टोके होतात. पाने उंच, पिवळसर हिरवी व तंतू लालसर असतात.

तिसरा प्रकार मल्टिफिडा. यात दुभंग पुनःपुन्हा होऊन आठ, सोळा किंवा त्याहून अधिक टोके येतात. हा ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडील उबदार किनारपट्टीचा आहे व ऊब मिळत राहिल्यास बाराही महिने वाढतो.

चौथा प्रकार एक्स्ट्रीमा. हा मल्टिफिडाचाच टोकाचा अवतार म्हणावा. एका पानाला तीस, चाळीस किंवा त्याहूनही अधिक टोके येऊ शकतात. पान गुंतलेल्या जाळ्यासारखे खाली झुकते आणि भरपूर उन्हात तांबडे होते.

कागदावर हे वर्गीकरण सरळ दिसते. कुंडीत ते तितके सरळ राहत नाही, हे लवकरच कळून येते.

लागवडीची रीत

शेतकऱ्याच्या हाताला लागलेल्या सवयी या वनस्पतीपुढे उलट्या कराव्या लागतात. आपण जमीन सुपीक करतो. येथे ती निकृष्ट ठेवावी लागते. शेणखत, गांडूळखत, काळी माती किंवा रासायनिक खत यांचा कणही कुंडीत जाता कामा नये.

माध्यम म्हणून दलदलीतील शेवाळाचे पीट आणि धुतलेली वाळू समप्रमाणात मिसळावी. वाळूत चुनखडीचा अंश असू नये. चिमूटभर वाळूवर सौम्य आम्ल टाकून पाहावे. फेस आल्यास ती वाळू वापरू नये. पीट न मिळाल्यास नारळाच्या काथ्याचा भुसा वापरून पाहता येतो. परंतु त्यात क्षार असतात, म्हणून तो पावसाच्या पाण्यात अनेक वेळा भिजवून व पिळून घेणे आवश्यक आहे. मुळे खोल जात असल्याने कुंडी उथळ नसावी. कुंडी प्लॅस्टिकची असणे बरे, कारण मातीच्या कुंडीत क्षार साचून राहतात.

पाणी पावसाचे किंवा क्षाररहित केलेलेच द्यावे. कुंडी एका थाळीत ठेवून थाळीत दोन-तीन सेंटिमीटर पाणी राहू द्यावे; वरून पाणी ओतल्यास पानांवरील चिकट थेंब धुऊन जातात. या बाबतीत मी स्वतः ठेच खाल्ली आहे. पहिल्या उन्हाळ्यात साठवलेले पावसाचे पाणी संपले, तेव्हा काही दिवस कूपनलिकेचे पाणी दिले. कुंडीच्या कडेला पांढरा थर धरला, पानांच्या टोकांवरील दव नाहीसे झाले आणि नवी पाने काळी पडू लागली. रोप अशक्त झाले असे समजून मी पाण्यात अगदी थोडा युरिया विरघळवून दिला. आठवड्याच्या आत रोप सडले. उपायच अपायाचे कारण झाला. शेतातील पिवळे पडलेले पीक पाहून कारण न शोधता युरियाची गोणी उघडणारा शेतकरी आणि मी, यांत त्या दिवशी काही फरक नव्हता.

ऊन भरपूर हवे. सकाळचे थेट ऊन मिळेल व एप्रिल-मे महिन्यांत दुपारच्या वेळी हलकी सावली पडेल अशी जागा योग्य. उबदार प्रदेशातील बहुटोकी प्रकार आपल्या हवेत अधिक सहजपणे रुळतात. थंडीत विश्रांती घेणारा टी-प्रकार सखल, उष्ण भागात जपणे कठीण जाते.

नवी रोपे करण्याची सर्वांत सोपी रीत मुळांच्या तुकड्यांची. जाड मुळाचे दोन-तीन सेंटिमीटर लांबीचे तुकडे करून ओल्या माध्यमावर आडवे ठेवावेत व वर माध्यमाचा पातळ थर द्यावा. साधारण महिना-दीड महिन्यात कोंब दिसू लागतात. पानांच्या तुकड्यांपासूनही रोपे होतात. अशा रीतीने केलेली सर्व रोपे गुणांनी मूळ रोपासारखीच असतात. कलमी आंब्याचा जो न्याय, तोच येथे. बियांचा प्रकार निराळा आहे. या जातीच्या बहुतेक प्रकारांना स्वतःच्या परागांनी बी धरत नाही, दुसऱ्या वंशाच्या रोपाचा पराग लागतो. त्यामुळे बियांपासून झालेली रोपे आईसारखी निघतीलच असे नाही, आणि त्यांना आईचे नाव लावणे ही फसवणूक ठरते. आंब्याच्या कोयीपासून उगवलेल्या झाडास कोणी डोळे मिटून हापूस म्हणत नाही, हे स्मरावे.

येथे एक सावधगिरी सांगणे अगत्याचे आहे. परदेशातून बी, मुळे किंवा रोपे टपालाने परस्पर मागवू नयेत. वनस्पती संगरोधासंबंधीच्या २००३ च्या आदेशानुसार आयातीचा परवाना व निर्यातदार देशाचे आरोग्य-प्रमाणपत्र लागते. एका पाकिटाबरोबर आलेली कीड किंवा रोग संपूर्ण तालुक्याच्या पिकांस भोवू शकतो. देशातच वाढविलेली रोपे मिळाल्यास तीच घ्यावीत. तसेच कास पठार किंवा कोकणातील सडे येथील दवबिंदू उपटून आणू नयेत. कास पठार हे २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीतील पश्चिम घाटाचा भाग आहे, आणि तेथील रोपे कुंडीत फार काळ जगतही नाहीत. सड्यावर शेणखत किंवा माती टाकून तो “सुधारण्याचा” प्रयत्न केल्यास या वनस्पती प्रथम नाहीशा होतात, हेही गावोगावच्या कार्यकर्त्यांनी लोकांच्या ध्यानात आणून द्यावे.

तांबडा आणि हिरवा

आता मुख्य गोष्टीकडे वळू. मला दोन निरनिराळ्या व्यक्तींकडून मल्टिफिडाची मुळे मिळाली. एका पाकिटावर “तांबडा” असे लिहिले होते, दुसऱ्यावर “हिरवा”. कुंड्या तयार करून एक उघड्या कठड्यावर ठेवली. तेथे जागा उरली नाही म्हणून दुसरी वळचणीखाली ठेवली. काही महिन्यांनी दोहोंत स्पष्ट भेद दिसू लागला. कठड्यावरील रोप आखूड देठाचे, ताठ व लालभडक झाले. वळचणीचे रोप उंच, लोंबते व फिकट हिरवे राहिले. पाकिटांवरील नावे खरी ठरली असे समजून मी दोन्ही प्रकारांची वर्णने वहीत उतरवून ठेवली.

पावसाळ्यापूर्वी छपराची कौले चाळण्याचे काम निघाले. कुंड्या आत घ्याव्या लागल्या आणि परत ठेवताना त्यांच्या जागा बदलल्या गेल्या. हे माझ्या ध्यानातही आले नाही. काही आठवड्यांनी पाहतो, तो “हिरव्या”ची नवी पाने तांबडी निघत होती आणि “तांबडा” हिरवा होत चालला होता. जुनी पाने पूर्वीच्या रंगाची, नवी उलट रंगाची. एकाच रोपावर दोन जागांचा इतिहास लिहिलेला होता.

बांधावरील त्या शेतकऱ्याचा प्रश्न त्या क्षणी पुन्हा कानांत घुमला. येथेही जिंकले होते ते बियाणे नव्हते, खाचरच होते.

मग मी तुलना नव्याने मांडली. दोन्ही पाकिटांच्या वंशाची चार-चार रोपे मुळांच्या तुकड्यांपासून एकाच दिवशी तयार केली. त्यांच्याबरोबर डायकोटोमाचीही चार ठेवली. माध्यम एकाच ढिगातले, कुंड्या एकाच मापाच्या, पाणी एकाच पिंपातले. सर्व कुंड्या एकाच कठड्यावर ठेवल्या. कोणती कोठे ठेवावयाची, हे चिठ्ठ्या टाकून ठरविले. प्रत्येक कुंडीवर केवळ क्रमांक घातला व नावे वहीत ठेवली, म्हणजे मोजताना मनाचा कल आड येणार नाही.

वाढ पूर्ण झाल्यावर “तांबडा” आणि “हिरवा” यांत मला कोणताही टिकाऊ भेद सापडला नाही. सर्वच रोपे उन्हात तांबूस झाली होती. डायकोटोमा मात्र वेगळा तो वेगळाच राहिला. त्याची टोके थोडी, देठ उंच, पाते पिवळसर. शेजारच्या मल्टिफिडाला त्याच उन्हात, त्याच पाण्यावर कितीतरी अधिक टोके. याचा अर्थ असा, की माझ्या रोपांतील रंग व उंची यांतील बराच भाग जागेने दिलेला होता आणि टोकांची संख्या वंशाने दिलेली होती. नुसते पाहून हे कळले नसते.

टोकांच्या संख्येतही एक फसगत संभवते. कोवळ्या रोपाची आरंभीची पाने साधी किंवा एकदाच दुभंगलेली असतात; वय वाढते तसे दुभंग वाढत जातात. म्हणून तीन महिन्यांच्या मल्टिफिडाची एका वर्षाच्या डायकोटोमाशी तुलना केल्यास निष्कर्ष पूर्ण उलटा निघेल. तसेच उघड्यावरील कुंडीला चिलटे व माश्या अधिक मिळतात आणि ती अधिक पोसते. वय, ऊन, पाणी आणि खाद्य ही चारही समान असल्यावाचून वंशाचा गुण उघडा पडत नाही.

अशी समान मांडणी किती उपयोगी ठरते, याचे एक जुने उदाहरण याच कुलातील आहे. कीटक खाल्ल्याने दवबिंदूस खरोखर लाभ होतो काय, याबद्दल डार्विन यांच्या ग्रंथानंतरही शंका घेतली जात होती. त्यांचे पुत्र फ्रान्सिस डार्विन यांनी गोल पानांच्या दवबिंदूची रोपे ताटल्यांत लावली, प्रत्येक ताटलीचे दोन भाग केले, आणि बाहेरचे कीटक येऊ नयेत म्हणून वर जाळीचे कापड घातले. एका भागातील पानांवर भाजलेल्या मांसाचे बारीक कण ठेवले. दुसरा भाग उपाशी ठेवला. १८७८ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. रोपांच्या आकारात फरक बेताचाच होता. परंतु पोसलेल्या भागातील बियांची संख्या सुमारे २.४ पट व बियांचे एकूण वजन सुमारे ३.८ पट भरले. दोन्ही भाग एकाच ताटलीत असल्यामुळे हा फरक मातीचा किंवा उन्हाचा आहे, असे कोणासही म्हणता आले नाही. आणि केवळ पानांकडे पाहून समाधान मानले असते, तर खरा लाभ कोठे आहे ते कळलेच नसते.

शेतातील तुलना

पिकांच्या प्रयोगांचे शास्त्र पुढे इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथे रोनाल्ड फिशर यांनी १९१९ नंतरच्या काळात पद्धतशीर उभे केले. आपल्या देशात ते कृषी कार्यकर्त्यांच्या हाती देण्याचे मोठे काम पानसे व सुखात्मे यांच्या १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाने केले. त्यांतील डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातील बुध गावचे. या शास्त्रातील गणित सर्वांनाच पेलेल असे नाही. त्याचे मर्म मात्र कोणत्याही शेतकऱ्यास समजण्याजोगे आहे. ते पुढील सूचनांत सांगता येईल.

१. तुलनेची दोन्ही वाणे एकाच खाचरात किंवा एकाच वावरात लावावीत. वावराचा एक तुकडा एका वाणास व दुसरा तुकडा दुसऱ्यास, असे न करता दोहोंचे अरुंद पट्टे एकाआड एक घ्यावेत. पट्टे उताराच्या दिशेने, म्हणजे वरून खाली घ्यावेत. त्यामुळे प्रत्येक पट्ट्यात वरची कोरडी व खालची ओलसर जमीन सारखीच येते.

२. प्रत्येक वाणाचे किमान चार पट्टे असावेत. एकाच पट्ट्यावरून काढलेला निष्कर्ष हा योगायोगही असू शकतो. प्रत्येक जोडीत कोणते वाण आधी यावे, ते चिठ्ठी टाकून ठरवावे. चांगली जागा नकळत आवडत्या वाणास दिली जाते, हा मनुष्यस्वभाव आहे.

३. पेरणी किंवा लावणी एकाच दिवशी, एकाच वयाच्या रोपांनी, एकाच अंतरावर करावी. खत, पाणी व निंदणी सर्व पट्ट्यांना सारखी द्यावी. एखादा पट्टा अशक्त दिसला म्हणून त्यास अधिक खत दिले, तर प्रयोग तेथेच संपला असे समजावे.

४. गोठ्याजवळची, झाडाच्या सावलीची व बांधालगतची जागा टाळावी. कापणीच्या वेळी प्रत्येक पट्ट्याच्या कडेच्या ओळी वगळून मधल्या ओळींचेच उत्पन्न मोजावे.

५. प्रत्येक पट्ट्याचे धान्य सारखे वाळवून वेगवेगळे मोजावे व लिहून ठेवावे. चारही जोड्यांत एकच वाण पुढे असेल, तर त्याच्या सरसपणावर विश्वास ठेवण्यास आधार मिळतो. दोन जोड्यांत एक व दोन जोड्यांत दुसरे पुढे असेल, तर अद्याप निर्णय झालेला नाही असे प्रांजळपणे म्हणावे.

६. एका हंगामाचा पाऊस म्हणजे सर्व हंगामांचा पाऊस नव्हे. दोन-तीन वर्षे तुलना केल्यावाचून घरचे जुने बियाणे मोडीत काढू नये.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना हा विषय शाळेत किंवा शेतकऱ्यांच्या बैठकीत समजावून द्यावयाचा असेल, तर दवबिंदूच असला पाहिजे असे नाही. एकाच वेलीच्या फाट्यांपासून केलेली पानवेलीची किंवा रताळ्याची चार रोपे दोन जागी ठेवून दाखविली, तरी जागेमुळे होणारा फरक एका महिन्यात सर्वांना दिसेल. त्यानंतर दोन वेगळ्या वाणांची रोपे एकाच जागी ठेवावीत, म्हणजे वंशाचा फरकही दिसेल. हे दोन्ही फरक वेगळे करता येणे, हेच वाण-परीक्षेचे सार आहे.

ज्या गावी माझ्याकडून चूक झाली, तेथे पुढील दोन खरिपांत ही पट्ट्यांची तुलना घेतली. वरच्या व खालच्या अशा दोन्ही खाचरांत दोन्ही वाणे शेजारी शेजारी लावली. ज्यांनी प्रश्न विचारला होता, त्याच शेतकऱ्याने आपली खाचरे दिली आणि चिठ्ठ्याही त्यांनीच उचलल्या. खालच्या खाचरात नवे वाण पुढे राहिले, परंतु पहिल्या वर्षी वाटले होते तितके नाही. वरच्या खाचरात दोन्ही वर्षी जुने हळवे भातच बरे ठरले. गावाने आता दोन्ही वाणे ठेवली आहेत, आणि कोणते कोठे लावावयाचे हे प्रत्येकास ठाऊक आहे.

वाणाची शिफारस करणाऱ्याने व ती स्वीकारणाऱ्याने, दोघांनीही, पीक पाहताच आधी एवढे विचारावे : हे कोणत्या खाचरात उभे आहे, आणि त्याच खाचरात याच्या शेजारी दुसरे कोण उभे होते? उत्तर मिळाले नाही, तर बियाण्याचे पैसे देण्यापूर्वी घरच्या एका खाचरात चार पट्टे पाडून पाहावेत.